आधी ताटं

"बाटल्या पिशवीतच राहू द्या. आधी जेवायले बसा."

निखाऱ्यातून कणकेचा जाड रोडगा ओढता ओढता मंजुश्री मॅडमनी हे सांगितलं, वरही न बघता. पिंपळगाव राजाजवळच्या त्या शेतात भर दुपारी मोटारसायकलींवरून उतरलेली पोरं जागच्या जागी थांबली. शेवटच्या वर्षाच्या निरोपाचा कार्यक्रम होता आणि पोरं पोचायच्या आत रोडगे भाजून तयार होते. असं कुणी करत नाही.

आपल्याकडे रोडगे गोवऱ्यांत लावायचे आणि ते भाजेपर्यंत 'बसायचं'. बसायचं म्हणजे काय, ते सांगायला नको. कुणी "ताटं वाढा" म्हटलं की बैठक मोडली, म्हणून ते वाक्य जो जितक्या उशिरा म्हणेल तो तितका दिलदार. शेवटी ताटं वाढली जातात तेव्हा निम्मे जेवणारे शुद्धीवर नसतात आणि तुपात चुरलेले रोडगे शेतातली कुत्री खातात. त्या सबंध कार्यक्रमात शहाण्यासारखं वागतात ती कुत्रीच.

"मॅडम, भरल्या पोटी काय चढते का?" कुशल म्हणाला. वर्गणी त्यानं जमवली होती, म्हणून पुढारीपणही त्याच्याकडंच.

"नाई चढत. म्हनूनच तं सांगून राह्यली."

"मंग पैसे वाया गेले ना."

"तुह्या बापाचे गेले. तुले कायचं दुखते?"

पोरं हसली. कुशल हसला नाही.

मॅडम कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून होत्या आणि मुलांच्या वसतिगृहाच्या रेक्टर. मुलांवर बाईमाणूस कशी काय, असं कुणी विचारलं तर संस्थेचे लोक सांगत, दुसरं कोणी तयार नाही. पदासोबत दोन खोल्या मिळत. नवरा गेल्यापासून तेच त्यांचं घर होतं. चालू राहिलेल्या पंख्यावरून त्या इतकं बोलायच्या, की पोरं त्यांना ठाणेदार म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं.

गेल्या वर्षी असाच निरोप झाला. वरवट बकालचा दीपक सकाळपासून उपाशी होता आणि रोडगे अजून भाजत होते. तो पिऊन पडल्यावर मित्रांनी जीव तोडून उपाय केले. लिंबू पिळलं, लोणचं चाटवलं, डोक्यावर पाणी ओतलं आणि 'उतरंल आपोआप' म्हणून खाटेवर उताणं निजवलं. दवाखाना काही लांब नव्हता. पण वसतिगृहाच्या भिंतीवर पाटी होती : दारू प्यायलेला आढळल्यास काढून टाकण्यात येईल. मित्राचं वर्ष वाचावं म्हणून त्यांनी त्याला झोपू दिलं. उलटी घशात अडकली.

शवविच्छेदनानंतर त्याची आई रुक्मिणीबाई एकच विचारत होती, "जेवलं होतं का माह्यं लेकरू?"  संस्थेनं लगेच हालचाल केली. व्यसनमुक्ती समिती नेमली, शपथ घेवविली, शपथेचे फोटो काढले आणि पाटी मोठी केली.

समितीचे प्रमुख उद्धव सर याही कार्यक्रमाला आपली गाडी घेऊन पाहुणे म्हणून आले होते. सर व्यसनमुक्तीवर वर्षातून एकदा बोलत. उरलेलं वर्ष त्यांचा त्या विषयाचा अभ्यास चाले.

"माझं ताट नंतर," सर म्हणाले. "इतक्या लवकर मी जेवत नाही."

पोरांचे हात ताटातच थांबले. सगळ्यांचे डोळे सरांवर.

"काऊन सर? पोट कायच्यासाठी रिकामं ठेवून राह्यले?" मॅडमनी विचारलं.

एवढा हशा पिकला की सरांना मांडी घालावीच लागली. वांग्याची भाजी त्यांनी पुन्हा मागून घेतली, हेही सरांच्या बाजूनं सांगायला हवं.

मॅडम भाजी वाढायचा डाव घेऊन उभ्या राहिल्या. "आयका बे. पिऊ नोका म्हटलं, तं हाव म्हनान अन् त्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमांगं जासान. मले माहीत आहे. म्हनून सांगून राह्यली, पोटभर जेवा, मंग घ्याची तं थोडी घ्या. अन् कोनी पडला तं लपवाचं नाई. मले हाक माराची. दवाखान्यात नेलं म्हनून कोनाले काढनार नाई. जबाबदारी माही."

"मॅडम, तो अधिकार तुमचा नाही." सरांनी घास खाली ठेवला. "नियम आहे."

"नियमानंच दीपकले खाटेवर निजवलं, सर."

"याचं उत्तर द्यावं लागेल तुम्हाला."

"देईन. भाजी थंडी होऊन राह्यली."

त्यांनी सरांच्या ताटात डावभर भाजी वाढली.  

जेवून पोरं लिंबाखाली आडवी झाली. मग बाटल्या उघडल्या, पण तुपावर दारू काही घशाखाली उतरेना. दोघंतिघं तर ग्लास हातात धरूनच झोपले. कुशलनं मात्र रोडगा नुसता चुरून ठेवला होता. ठाणेदारावरचा राग घेऊन तो मोटारीच्या खोलीमागं एकटाच बसला.

उन्हं उतरली तशी हाक आली. "मॅडम, कुशल उठून नाई राह्यला."

त्या पोचल्या तेव्हा एकजण लिंबू कापत होता. त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. "ते तुह्या वरनात पीळ." कुशलला कुशीवर वळवलं, बोटांनी तोंड साफ केलं. "सर, गाडी काढा."

सर जागचे हलले नाहीत. "दवाखान्यात नोंद होते, मॅडम. पोलीस विचारतात. थोडा वेळ बघू. उतरेल आपोआप."

 मॅडमनी पुढं होऊन सरांच्या खिशातून किल्ली काढली आणि गाडी चालवता येणाऱ्या, न प्यायलेल्या पोराच्या हातात दिली. तोवर बाकीच्यांनी कुशलला उचललंही होतं.

खामगावच्या दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. सर मागून कुणाच्या तरी मोटारसायकलवर आले, आवारात बराच वेळ फोनवर बोलले आणि आत येऊन म्हणाले, "अध्यक्षसाहेबांनी सांगितलंय. रेक्टरपद काढलं. खोल्या महिनाअखेर सोडायच्या."

"बरं," मॅडम म्हणाल्या.

अंधार पडता पडता कुशलचे वडील कडूबा रोहिणखेडहून आले. त्यांनी आधी पोराला पाहिलं, मग बाहेर येऊन मॅडमना धरलं. "तुमच्या भरोशावर पोरगं ठेवलं होतं मी. अन् तुमी पिऊ घालता? तुमचं सोताचं असतं तं पाजली असती का? लाज नाई वाटत?"

मॅडमपाशी उत्तरं होती. एक तर अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. दारातून कुशल दिसत होता, डोळे उघडे, तोंड भिंतीकडं, बापाचा शब्द न् शब्द ऐकणारा. गेल्या वर्षी याच व्हरांड्यात दीपकची आई बसली होती, तेव्हा कुणी ओरडलं नव्हतं.

कडूबांना दम लागला. मॅडमनी भिंतीजवळचा स्टूल ओढून त्यांच्यापुढं केला.

"बसा भाऊ. बसून बोला."

ते बसले, रुमालानं तोंड पुसलं आणि पहिल्यापासून सुरू झाले. मॅडम समोर उभ्या राहून ऐकत होत्या.