मास्तरांच्या सोयीचं बोट

मी एक जुना ऑक्सिमीटर आहे, मित्रांनो. बोटाला चिमट्यासारखा बसतो आणि रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगतो. कारखान्यात माझी जुळणी झाली आणि औषधाच्या दुकानातून मी टेलर मास्तरांच्या घरी आलो. पण आज गोडगोड बोलायला मी बसलेलो नाही. माझं डोकं फिरलंय!

मास्तरांना फुप्फुसाचा कॅन्सर. शरीराच्याच पहारेकरी पेशींना गाठीविरुद्ध चेतवणारं इंजेक्शन सुरू झालं आणि गाठ आक्रसली. मी रोज सत्त्याण्णव दाखवायचो, म्हणून घरात माझंही कौतुक व्हायचं. नर्सताईंनी मात्र मास्तरांना बजावलं होतं, "कोरडा खोकला आला, धाप लागली, तर त्याच दिवशी फोन करा. हे औषध कधीकधी फुप्फुसालाच सूज आणतं."

खोकला आला. पण फोनचं नाव नको! "कापडाची धूळ असेल," म्हणे. मी ब्याण्णव दाखवला, तर मास्तर माझ्यावरच खेकसले, "सुईनं या बोटाची चाळण झालीय, तुला काय कळणार?" मग दुसरं बोट, तिसरं बोट. शेवटी करंगळीला एकदा पंच्याण्णव उमटला, तेवढाच त्यांनी वहीत लिहिला. बाही तसूभर चुकली तर अख्खी शिलाई उसवणारा हा माणूस! आणि स्वतःच्या श्वासाचं माप असं घेतो? वर मला ड्रॉवरमध्ये कोंबलं.

त्यांची भीती मला कळत होती, म्हणून तर जास्त चीड येते. खरं सांगितलं तर इंजेक्शन बंद करतील, गाठ पुन्हा वाढेल, एवढंच त्यांच्या डोक्यात.

खोकल्याच्या दहाव्या दिवशी घरालगतच्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढून मास्तर मटकन खाली बसले. सुनेनं मला शोधून त्यांच्या बोटाला लावलं. त्र्याऐंशी!

"बाबा, वहीत तर पंच्याण्णव लिहिलंय!"

"जरा... करंगळीला लावून बघ," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"बोटं पुरे झाली आता!" ती ओरडली आणि तिनं गाडी बोलावली.

दवाखान्यात स्टेरॉईड सुरू झालं, नाकाला प्राणवायूची नळी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही औषधाचीच सूज. पहिल्या खोकल्याला आला असतात, तर गोळ्यांवर भागलं असतं. इंजेक्शनही कदाचित पुन्हा देता आलं असतं. आता ते कायमचं बंद."

मास्तर वाचले. पण ज्या इंजेक्शनसाठी एवढी लपवाछपवी केली, तेच हातचं गेलं. आता दुसरे उपचार शोधणं चाललंय.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. मला आपटा, शिव्या घाला. पण वाईट आकडा आला, की घरातल्या कुणाला तरी हाक मारा आणि तो मोठ्यानं वाचून दाखवा.