चाळणीतलं पोस्टकार्ड

"सर, टेक्निकलच्या वर्गात पोरींले काहून नाही घेत?"

हे आठवीतल्या उत्तराने भर वर्गात विचारून दाखवायचं, अशी चारुशीलाने आणि बाकीच्या मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने विचारलं. कृष्णकांत सरांनी खडू खाली ठेवला. "आजवर कोण्या पोरीनं मागितलंच नाही. घरच्यांचा होकार आण, नववीत घेतो."

घरी बाबा, म्हणजे रुपराव, भाकरी मोडता मोडता हसले. "आधी घरातलं एखादं काम करून दाखव, मंग पाहू."

काम फाटकातच उभं होतं. कोराडीच्या पावर हाउसच्या कॉलनीत रात्रपाळीचे लोक दिवसा झोपतात, म्हणून पोस्टमन हाक देत नसे. फाटकावरून पत्र टाकून मुकाट पुढे जाई. कामठीच्या प्रेमिला मावशीकडचं बारशाचं कार्ड असंच शेजारच्या बकरीने फस्त केलं. आईचं जाणं राहिलं आणि तिची सख्खी बहीण रुसून बसली.

उत्तराने तेलाचा रिकामा डबा फाटकाला बांधला. आत पत्र्याचा हलका तळ, त्याखाली पितळेच्या पट्ट्या, रेडिओतले उतरलेले सेल आणि तार ओढून चुलीजवळ टॉर्चचा बल्ब. पत्र पडलं की तळ दबणार, बल्ब लागणार आणि पत्र उचलेपर्यंत लागलेलाच राहणार. घंटी मुद्दामच नाही लावली; बाबांची झोप मोडली असती तर होकार कुठला?

दुसऱ्याच दिवशी बल्ब लागला. आई कणकेच्या हातानेच धावली. डब्यात नुसती राख. पुढच्या दिवशीही राखच.

"पावर हाउसचं पत्र आलं वं तुले," बाबा म्हणाले.

उत्तराचं तोंड उतरलं, पण जेवणापुरतंच. कार्डाच्या वजनाने दबावा म्हणून तळ इतका हलका केला, की पावर हाउसच्या चिमणीतून उडणारी राखही टपाल ठरली. वाळलेले कपडे झटकल्याशिवाय ज्या घरात घडी होत नाही, तिथे हे आधीच सुचायला हवं होतं. संध्याकाळी आई पीठ चाळत होती. पीठ खाली, कोंडा वर. उत्तरा पाहतच राहिली.

"आई, जुनी चाळणी दे."

"आता काय चाळून राहिली वं?"

"टपाल."

पत्र्याच्या जागी जाळी बसली, डब्याचं बूड कापलं गेलं, पट्ट्या कडेला सरकल्या. राख गळत राहिली, बल्ब गप्प राहिला. आईचं मात्र चुलीकडे कमी, बल्बाकडेच जास्त लक्ष.

शनिवारी सकाळची शाळा करून उत्तरा घरी आली, तेव्हा बल्ब लागलेला होता आणि आई चवड्यांवर चालत फाटकाकडे निघाली होती. मावशीचं कार्ड होतं: 'रुसवा सोडला. पोरीला बघायला ये.' आईने ते दोनदा वाचून पदराखाली घेतलं आणि ती चुलीकडे परतली.

बाबा उठून बाहेर आले. त्यांनी जाळी बोटाने हळूच दाबली.

"अजून एक आलं वाटते," आई आतून म्हणाली.

बाबांनी बोट काढून घेतलं आणि मिशीत हसले.

"बाबा, ऐका. आई, तूही ये इकडे," उत्तरा म्हणाली. "नववीत मी टेक्निकल घेऊन राहिली. सोमवारी सरांले सांगते."