वेटोळ्याच्या पोटातली मोकळी जागा

ताई विचारात पडली की तिची तर्जनी टेबलावर आठ कोनांची वेटोळी काढू लागते. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन राजारामपुरीतल्या आमच्या गॅलरीतून आत उतरतं, खाली रिक्षांची कुरबुर चालू असते, आणि त्या उन्हात ते बोट संथपणे फिरत राहतं.

मोबाईल आणि टॉवर यांच्यात जे अदृश्य संभाषण चालतं, त्यासाठीच्या इवल्या चिपची ती रचना करते. त्या चिपमधली, लहर जुळवणारी तिची तांब्याची वेटोळी मोहरीच्या दाण्यावर दोन-चार सहज मावतील. आमचे आप्पा उचगावच्या वर्कशॉपात जन्मभर पाण्याच्या मोटारींची वेटोळी भरत आले. त्यांचं एक वेटोळं दोन हातांत मावत नसे. बापलेकीचा धंदा एकच, असं मी चिडवायचो, आणि दोघांनाही ते मनापासून पटायचं.

गेल्या हिवाळ्यात तिची चिप कारखान्यातून बनून आली आणि ठरलेल्या लहरीवर बोलेना. आणखी एकच संधी होती. ती हुकली असती तर तिचं तीन वर्षांचं काम बासनात गुंडाळलं गेलं असतं. ताई दिवसेंदिवस आकडे तपासत बसली, घरात तिचा आवाज येईनासा झाला, आणि मला तिची फार काळजी वाटू लागली. एका दुपारी आप्पांनी, वार्निशचा वास मुरलेले हात पाठीमागे बांधून, तिच्या पडद्यावरचा चिपचा मोठा केलेला फोटो निरखला.

"मधी बारीक बारीक काय पेरलंयस गं?"

"मी न्हाय आप्पा. मोकळी जागा दिसली की, थर सपाट ऱ्हावा म्हणून कारखान्याचं मशीन धातूचे तुकडे भरतंय. नको आसंल तिथं 'भरू नका' अशी खूण करायची असत्या."

"मग केलीस न्हवं?"

ताईचं बोट थांबलं. शेवटच्या दिवशी तिने वेटोळं जरासं बाजूला सरकवलं होतं. खूण मात्र जुन्या जागीच राहिली होती. एवढ्या सूक्ष्म वेटोळ्याच्या पोटात कणभर धातू शिरला तरी त्याचा सूर बिघडतो. आप्पांना त्यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. वेटोळ्यात नको ते अडकलेलं दिसलं की त्यांची नजर तिथे ठेचकाळे, एवढंच.

खूण जागेवर आणून पाठवलेली नवी चिप पावसाळा सरता सरता आली आणि पहिल्याच दिवशी बोलू लागली. ते पाहायला आप्पा नव्हते. वैशाखातच ते गेले होते. ताई ती चिप घेऊन वर्कशॉपात आली तेव्हा, आता ते चालवणारा मी खिडकीखालच्या त्यांच्या बसायच्या जागी नवं यंत्र मांडायच्या तयारीत होतो. तिने खडू घेतला आणि त्या जागेभोवती फरशीवर चौकट आखली.

"हितं काय भरायचं न्हाय."

यंत्र मी दाराशी मांडलं. येता-जाता खडू पुसट होतो, ताई आली की पुन्हा गिरवते. काळही मोकळी जागा दिसली की भरून टाकतो. आपण खूण करून ठेवली असेल तेवढीच पोकळी शिल्लक राहते, आणि आप्पा अजून ऐकू येतात ते तिथूनच.