आठ जोड बूट

“ते ढोलकं स्टेजवर चढलं की तू खाली उतरलास म्हणून समज,” मॅनेजर क्रॉली म्हणाला.

“मग बंदूक चालेल का? आवाज तेवढाच होतो,” ऑर्व्हलने विचारलं.

मोठ्या बहिणीने, त्याच्या साथीला बेस वाजवणाऱ्या व्हर्नाने, त्याला कोपराने ढोसलं. ऑर्व्हल टॅकेट सतरा वर्षांचा. नववीत मास्तरशी भांडून शाळा सोडली ती सोडलीच, आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या आर्कान्सामधला एकही दारूचा अड्डा त्याने गायचा बाकी ठेवला नव्हता. पण दर शनिवारी चारला प्रेक्षकांसमोर होणारा आणि रेडिओवर थेट लागणारा हा कार्यक्रम म्हणजे वेगळीच गोष्ट. घरोघर लोक हातातलं काम टाकून ऐकायचे. इथे जो गाजला त्याची रेकॉर्ड निघायची. जो पडला तो परत कापूस वेचायला. ऑर्व्हलला गाणं मिळालं होतं एकच.

क्रॉलीचं म्हणणं, तीस वर्षांत या स्टेजवर ड्रम आलेला नाही. आपलं कंट्री संगीत म्हणजे फिडल, बँजो आणि गिटार. हे रॉकबिलीच्या धांगडधिंग्याचे थेर दुसरीकडे करायचे. ड्रमवाला हॉइट बिचारा गरीब, तो आपला ड्रम उचलून बाहेर गाडीत जाऊन बसला. ऑर्व्हलच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. त्या गाण्यातून ड्रम काढायचा म्हणजे घोड्याचे पाय काढून त्याला पळ म्हणायचं.

गिटार पेटीत टाकून तो निघणारच होता, तेवढ्यात पडद्यामागे खाडखाड आवाज सुरू झाला. नाचणाऱ्यांचा ताफा सराव करत होता. आठ जण, बुटांच्या तळाला लोखंडी पट्ट्या, आणि पुढे मेबेल स्टिगबाई, वय बासष्ट. ऑर्व्हल बघत राहिला. उजवीकडे पाय पडला की नुसती टकटक. डावीकडे स्टेज खालून पोकळ असणार, कारण तिथे टाच आपटली की अख्खी फळी घुमत होती.

त्याने पेटी खाली ठेवली.

माझ्या गाण्यावर नाचाल का, पण फक्त डावीकडे, असं त्याने बाईंना विचारलं. नाच आमचा आणि जागा तू ठरवणार का, म्हणून बाईंनी त्याला झाडलं. मग त्याने गिटार पेटीतून काढली. गिटारच्या तारांखाली कागदाची घडी सरकवली, म्हणजे सूर दबतो आणि ठेका उरतो, आणि दोन ओळी वाजवल्या. बाईंची टाच आपोआप हलायला लागली.

“वेग झेपेल ना?” ऑर्व्हलने खोडी काढली.

“तुझा बाप रांगत होता तेव्हापासून नाचतेय मी,” बाई म्हणाल्या. “तू तुझा दम सांभाळ.”

चारला प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला. ऑर्व्हल अजून धुमसतच होता, आणि डोकं तापलं की तो गाणं पळवतो. पहिलं कडवं असं सुटलं की शब्द एकमेकांवर पडायला लागले. पुढच्या बाकावरचा एक जण हसला. संपलंच होतं सगळं. पण व्हर्नाने डोळे वटारले आणि तिच्याहून वीतभर उंच असलेल्या उभ्या बेसच्या तारांवर असा पंजा हाणला, की ऑर्व्हल लगाम खेचल्यासारखा ठेक्यावर आला. आणि त्याच ठेक्यावर आठ जोड बूट फळीवर उतरले.

आधी मागचे बाक उठले. मग बायका पोरं कडेवर घेऊन उठल्या. क्रॉलीचा हात पडद्याच्या दोरीवर गेला, पण नियम ड्रमचा होता, पायांचा नव्हता, आणि तीस वर्षं त्या पायांवर तर त्याचा कार्यक्रम चालला होता. त्याने दोरी सोडली. लोकांनी तेच गाणं त्याला तीन वेळा गायला लावलं. तिसऱ्या वेळी मघाशी हसलेला माणूस बाकावर उभा होता.

खाली उतरल्यावर व्हर्ना सोललेल्या बोटांवर फुंकर घालत बसली. क्रॉली आला, पुढचे सहा शनिवार तुझेच म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “मेम्फिसच्या रेकॉर्ड कंपनीचा फोन आलाय. लाइनवर थांबलेत. विचारतायत, ड्रम कोण वाजवत होतं?”

ऑर्व्हलने एक नजर मेबेलबाईंच्या बुटांकडे टाकली आणि गिटारची पेटी उचलली.

“सांगा त्यांना, ड्रमवाला गाडीत ताटकळलाय, सोमवारी त्याला घेऊन मेम्फिसला येतो. सहाला जोन्सबरोच्या अड्ड्यावर गायचंय आम्हाला. मला आता निघायला हवं.”