धुतलेली गाडी

सकाळी डोंगरापलीकडे लख्ख उजेड पडला, खिडक्यांची तावदानं थरथरली. तव्यावरचे घावन उलटत आर्डिसची सासू म्हणाली, "झालं यांचं सुरू." नेवाडातल्या अणुचाचण्या आम्हा युटाच्या गावांच्या अंगवळणी पडल्या होत्या. देशासाठी एवढं सोसायचं आणि बायकांनी नसत्या शंका काढायच्या नाहीत, ही आमच्याकडची रीत.

त्या दिवशी वारा आमच्याकडे फिरला आणि स्फोटाची धूळ घेऊन आला. रेडिओने घरात थांबायला सांगितलं, तोवर आर्डिसचा लहानगा डेल अंगणातल्या मातीत खेळून आला होता. तिने त्याला पुन्हा पुन्हा न्हाऊ घातलं. तिचा नवरा, वर्ल, शहरातून खुशीत परतला. नाक्यावर सरकारी माणसांनी त्याची गाडी फुकटात धुऊन दिली होती. आर्डिसला मात्र चैन पडेना. गाडी धुवावी लागते, मग गाय खाते त्या गवताचं काय?

आमच्यात बाळंतिणीच्या घरी शेजाऱ्यांनी काही ना काही पोचवायचं असतं. पलीकडच्या लारूला अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून तिच्या बाळाला रोज आर्डिसच्या गाईचं दूध जाई.

दुसऱ्या सकाळी आर्डिस लारूसाठी किटली भरत असताना किरणोत्सर्ग मोजणारा सरकारी माणूस, हॉबर्ट, आला. त्याने यंत्र गवतावर धरताच ते तडतडू लागलं.

"मर्यादेत आहे, बाई. काळजीचं कारण नाही."

"आणि दूध?"

"दूध मोजायला आम्हाला सांगितलेलं नाही."

आर्डिसने पेला भरून त्याच्यापुढे धरला. "घरी लहान मूल आहे तुमच्या?"

"मुलगी आहे."

"मग हे तिच्यासाठी न्या."

हॉबर्ट यंत्राचं बटण उगाच फिरवत राहिला. पेल्याला काही त्याने हात लावला नाही.

"कॉलेजात पाठवून भित्री करून ठेवलीय पोरगी," सासू पुटपुटली. "भरली किटली ओततेस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत, आई. भीती मला वाटतेच आहे."

दूध खड्ड्यात ओतून तिने वर माती लोटली. गाडी काढून दुकानातून भुकटीच्या दुधाचे डबे आणले आणि डेलला कडेवर घेऊन ती आधी लारूकडे गेली. दारातच तिने सगळं सांगितलं. लारूने बाळाला पाळण्यात ठेवलं. मग तिने फडताळातलं कालचं दूध मोरीत ओतलं.

आर्डिस पुन्हा गाडीत बसली. चकचकीत धुतलेल्या त्या गाडीतून ती गाय असलेल्या प्रत्येक दारी जाणार होती. शेजारी डेल होता. त्याच्या नखांत अजून माती दिसत होती.