झाडाला दिवस गेलेत, हळू बोला

आमचं फाला बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक ज्वालामुखी आणि त्याच्या पायाशी अंग चोरून बसलेले आम्ही. डोंगर वर्षातून दोनदा खोकतो, आम्ही छपरावरची राख झाडतो आणि पुन्हा मासे भाजायला बसतो. पर्यटकांना मात्र नुसता धूर पुरत नाही. त्यांना इतिहास लागतो, आणि तो पुरवायचं काम माझं. मी रुसमिन, बेटावरचा एकमेव परवानाधारक गाइड.

इतिहास तसा झकास आहे. लवंगेचा भाव चढा राहावा म्हणून डचांनी आमची झाडं तोडली, तेव्हा डोंगरात लपलेलं एकच झाड वाचलं. चारशे वर्षांचं. अकरा वर्षांपूर्वी तेही वादळात आडवं झालं. पर्यटकांचा हंगाम तोंडावर आला होता. मी तिथली 'चारशे वर्षांचं झाड' अशी पाटी उपटली आणि साउदाआत्याच्या झाडाशेजारी रोवली.

आमच्याकडे मूल जन्मलं की लवंगेचं झाड लावतात, त्याच्या मुळाशी नाळ पुरतात. आत्याचं झाड तिच्याच वयाचं, त्र्याहत्तर. माझं झाड मी नऊ वर्षांचा असताना लाव्ह्याखाली गेलं. 'बिनझाडाचा' ही शिवी आमच्याकडे कोणी तोंडावर देत नाही. मला देतात. आत्याने पाटी पाहिली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि मग पुन्हा तो विषयच काढला नाही. मी समजलो, पचलं.

गेल्या महिन्यात पर्यटन खात्याचे आरसादसाहेब तेर्नाते शहरातून आले. म्हणाले, झाड आता संरक्षित वारसा. भोवती लोखंडी कुंपण. आत कोणी जायचं नाही, एक कळी, म्हणजे लवंग, तोडायची नाही. सळया बोटीतून उतरल्यासुद्धा होत्या. त्याच वेळी मी आणलेले हॉलंडचे एक आजोबा झाडाला मिठी मारून माफी मागत होते. त्यांचे पूर्वज चीज विकत असतील, पण हे माफी मागत होते सगळ्या देशाच्या वतीने.

तेवढ्यात आत्या आली, कमरेवर टोपली घेऊन.

झाडाने कळ्या धरल्या की ते पोटुशी समजायचं. टोपी काढायची, आवाज चढवायचा नाही. दचकलं तर कळ्या गाळतं. त्यामुळे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण कुजबुजत झालं.

"रुसमिन्या," आत्या कुजबुजली, "या सळया कसल्या?"

"कुंपणाच्या. झाडाच्या रक्षणासाठी."

"कोणापासून?"

"लोकांपासून."

"म्हणजे माझ्यापासून."

"आत्या, हळू बोल ना."

"हळूच बोलतेय, मेल्या! एकदा तोडणी होऊ दे, मग बघते तुझ्याकडे."

साहेबांनी विचारलं, "या कोण?"

"शेजारी राहतात," मी म्हणालो.

आत्या एक शब्द बोलली असती तरी माझा गाइडचा बिल्ला गेला असता. पण तिने नुसती टोपली खाली ठेवली, खोडाला टेकून बसली आणि जिथे नाळ पुरली होती तिथल्या मातीवर हात ठेवला. मजुरांनी घणाला फडकं बांधलं होतं, तेही आमच्याच बेटाचे. पहिली सळई तिच्यापासून दोन हातांवर रोवली गेली.

"साहेब," मी म्हणालो, "हे ते झाड नाही."

"म्हणजे?"

"हे आत्याचं आहे. खरं झाड अकरा वर्षांपूर्वीच पडलं. पाटी मी हलवली."

"मग त्याचं लाकूड कुठे आहे?"

आत्यानेच सांगितलं, "मासे धुरावले त्याच्यावर. वर्षभर पुरलं. काय वास यायचा!"

आजोबा अजून मिठी मारूनच होते. मी तेवढं भाषांतर गाळलं.

साहेबांनी माझ्या गळ्यातला बिल्ला काढून घेतला. ओरडावंसं त्यांनाही वाटत असणार, कानशिलं लाल झाली होती. पण तेही लवंगेच्या मुलखातले. सळया बोटीत परत गेल्या. मग त्यांनी कागद काढला.

"खोटी पाटी हटवली असं लिहून द्यावं लागेल. झाड कोणाचं?"

"साउदाचं," आत्या म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता, "आणि रुसमिनचं. अर्धं अर्धं."

"आत्या, अगं..."

"गप. पाटी लावलीस तेव्हाच दिलं होतं तुला. कुंपण घालायला नव्हतं दिलं. आता तोडणीला चढ. वरच्या फांद्या तुझ्या, माझे गुडघे गेलेत."

साहेबांनी दोन्ही नावं लिहिली. मला हंबरडा फोडून रडावंसं वाटलं, पण झाड पोटुशी होतं. हातातली टोपी मी तोंडात कोंबली.