शिगोशीग आणि पोच्यापर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची वाटी आहे. एका कारखान्यात पत्र्याची गोल चकती यंत्राखाली दबली आणि माझा जन्म झाला. तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं. आता पोटाशी एक पोचा आहे आणि तोंड बघितलं तर नाक वाकडं दिसतं!

या घरात मी आले ती बिस्किटांच्या मापाची वाटी म्हणून. सुट्टी लागली की आजी माझ्यात साखर भरत, तीही शिगोशीग, म्हणजे काठावर ढीग होईपर्यंत. "सुट्टी काय रोज येते?" असं म्हणत. त्या गेल्यावर आजोबांनी बिस्किटांचा आणि शिगेचा वसा घेतला.

पुढे सूनबाईंनी वजनकाटा आणला. मी फडताळात मागे गेले. सूनबाईंच्या रांगणाऱ्या लेकीला, मिठूला, खेळायला मिळाले, तेव्हा तिने मला फरशीवर आपटून हा पोचा पाडला. मिठू हे तिचं लाडाचं नाव. ऐकलेला शब्द पोपटासारखा धरून ठेवते म्हणून! वर्षातून एकदा आजोबा मला शोधून काढत, तेवढाच माझा मान.

यंदा मिठूची दाढ किडली आणि आजोबांच्या रक्तात साखर वाढली. आई आधीच काळजीने अर्धी झालेली. फोनवर बहिणीला म्हणाली, "अगं, साखर म्हणजे विष आहे विष!"

मिठू टेबलाखाली चित्र रंगवत होती.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी ठरलं, साखर कमी आणि खजूर जास्त घालून बिस्किटं करायची. कणीक, ओट्स, अक्रोड, सगळं मांडलं. पण मी जागेवर नव्हते. मी होते मिठूच्या रबरी बुटात, अंधारात, रबराच्या वासात!

"वाटी नाही तर बिस्किटं नाहीत," आजोबा हटून बसले.

"अहो बाबा, काटा आहे ना!"

"काट्यावर सोनं तोलतात, सूनबाई!"

शोधता शोधता आईचा पाय बुटाला लागला आणि मी खणकन वाजले.

"मिठू, वाटी बुटात कुणी ठेवली?"

मिठू रडू लागली. "आजोबा शिगोशीग घालतात. आणि तू म्हणालीस, साखर विष आहे. मग आजोबा मरतील ना?"

आई तिथेच फरशीवर बसली आणि तिने मिठूला कुशीत ओढलं.

"विष नाही गं राणी. जास्त झाली तर त्रास देते, इतकंच. घाबरून माझाच शब्द शिगोशीग भरला गेला."

मिठूने डोळे पुसले. "मग किती घालायची?"

आईने मला उचललं आणि आतला पोचा दाखवला. "इथपर्यंत. तूच पाडलास ना हा?"

मग मिठूने पोच्यापर्यंत साखर भरली आणि बोटाने सपाट केली. खजुराचा लगदा मात्र शिगोशीग! गोळे दाबताना सगळ्यांची नखं चिकट झाली. पहिला ट्रे थोडा करपला, दुसरा छान भाजला.

आजोबांनी पहिलं बिस्किट तोंडात टाकलं. मिठू डोळ्यांत तेल घालून त्यांच्याकडे बघत होती.

"आजोबा, बरे आहात ना?"

"बरा कसला? दुसरं मिळेपर्यंत बरा नाही!"

"बाबा, एकच!" आई म्हणाली. मग मिठूकडे बघून थांबली आणि हसली. "बरं, दुसरं अर्धं. उरलेलं अर्धं मिठूचं. आणि नंतर दोघांनीही चुळा भरायच्या."

मित्रांनो, आता मी फडताळात पुढच्या रांगेत असते. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी पोचा पडलेली वाटी असेल, तिला मोडीत काढू नका. मुलांच्या हाती द्या, त्यांना मापू द्या, सांडू द्या. आणि मोठ्यांनो, लहान कान जवळ असतील तेव्हा भीती पोच्यापर्यंतच भरा. माया मात्र शिगोशीग असू द्या.